कचेरीतली सुट्टी

प्रिय चेन्नईस,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

रजेच्या अर्जावर कारणाच्या रकान्यात मी ‘खाजगी काम’ असं लिहिलं होतं. साहेबांनी वर न बघता सही केली. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मात्र राहवेना. ‘एवढं काय काम काढलंस मद्रासला?’ मी म्हटलं, ‘कचेरीत जायचंय.’ तो माझ्याकडे बघतच राहिला. बावीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेली बाई रजा टाकून, पदरचे पैसे खर्चून दुसऱ्या कचेरीत कशाला जाईल, हे त्याला उमगेना.

आमच्याकडे कचेरी म्हणजे खेटे घालायची जागा. साहेब जागेवर नसतात, असले तर शिक्का नसतो, शिक्का असला तर शाई वाळलेली असते. हाच शब्द तुझ्याकडे एक जादा ‘च’ घेऊन कच्चेरी होतो आणि त्याचा अर्थ होतो गाण्याची मैफल. मैलापूरमध्ये पहिल्याच दिवशी ‘कचेरी रोड’ अशी पाटी दिसली, तेव्हा इथे दाखला मागायचा की वर्णम ऐकायचं, हे मला क्षणभर कळेना. शब्दाचं असं भाग्य उजळलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

माझ्याबरोबर माझी आत्या होती. वय चौऱ्याहत्तर. तिची उमेदीची वर्षं पुण्यात गेली आणि तिथले बरेचसे डिसेंबर सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात. भीमसेनअण्णांनी 1953 मध्ये गुरूच्या स्मरणार्थ सुरू केलेला तो उत्सव म्हणजे तिची वारी. गाणं ऐकावं, मध्येच उठून बटाटेवडा खावा, परत येऊन सतरंजीवर बसावं, हे तिच्या लेखी धर्माला धरून आहे. आता मिरजेला माझ्याकडे असते. ‘मद्रासला महिनाभर सवाई असतं म्हणे,’ हे वाक्य ती गेली दहा वर्षं म्हणत होती. तुझं नाव 1996 मध्ये बदललं, पण तिनं ते मनावर घेतलेलं नाही. तिच्यासाठी तू मद्रासच. तेव्हा शेवटी मिरजेहून रात्रीच्या गाडीनं बेंगळुरू आणि तिथून दुसऱ्या गाडीनं आम्ही तुझ्या दारात उतरलो.

उतरताना मनात थोडी अपराधाची भावना होती, तीही लिहूनच टाकते. सोलापूरच्या खालच्या सगळ्यांना आम्ही पिढ्यानपिढ्या ‘मद्रासी’ म्हणत आलो. साठच्या दशकात मुंबईत तुझ्याकडच्या माणसांविरुद्ध घोषणा झाल्या, आणि देणारे घोषणा आटोपून उडप्याकडे इडली खायला गेले असणार, याची मला जवळजवळ खात्री आहे. तू ते मनात ठेवलेलं दिसलं नाही. म्हणजे तू आमचं स्वागत केलंस असंही नाही. पाहुण्यांसाठी तू काही मांडून ठेवत नाहीस. गोव्यात उतरलं की पाहुण्याभोवती सगळं फिरायला लागतं. तुझ्याकडे डिसेंबरात दहाबारा प्रमुख सभा (म्हणजे गाणं भरवणाऱ्या संस्था) आणि छोट्यामोठ्या धरल्या तर त्याहून कितीतरी जास्त ठिकाणी सकाळपासून रात्रीपर्यंत गाणं चालू असतं, आणि कुणी विचारत नाही की बाई, तुम्ही कुठल्या. सरकून बसायला जागा मिळते एवढंच. याला आम्ही खातिरदारी म्हणत नाही, याला पंगत म्हणतो, आणि खातिरदारीपेक्षा पंगत मला केव्हाही बरी वाटते.

हा डिसेंबरचा मुहूर्त तुला कसा मिळाला तेही गमतीचं. 1927 च्या डिसेंबरात तुझ्याकडे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याला जोडून संगीत परिषद झाली, आणि तिच्यातून पुढच्या वर्षी म्युझिक अकादमी उभी राहिली. ठराव करायला जमलेल्या माणसांमुळे एका शहराला गाण्याचा हंगाम मिळाला. राजकीय अधिवेशनांतून इतकं टिकाऊ काही निघाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. 2017 मध्ये युनेस्कोनं तुला संगीताचं सर्जनशील शहर म्हणून यादीत घेतलं. मैलापूरच्या रिक्षावाल्याला मी ते कौतुकानं सांगितलं, तर त्यानं मीटरकडे बघितलं. (मीटर बंद होता. त्याबद्दल पत्रात काही लिहीत नाही.)

मार्गळी महिन्यातली तुझी पहाट आम्ही एकदाच गाठली. कपालीश्वराच्या देवळाभोवतीच्या माड रस्त्यांवर पाच-साडेपाचला बायका उंबऱ्यासमोर ओल्या जमिनीवर कोलम काढत होत्या. चिमटीतून पीठ असं सुटत होतं की जणू रेषा जमिनीत आधीपासून होती, ती फक्त दिसायला लागली. संत आंडाळची पदं, तिरुप्पावै, म्हणत एक घोळका गेला. हवा आमच्या मिरजेच्या दिवाळीसारखी होती आणि तुझी माणसं मफलर, माकडटोपी घालून हिमालयात असल्यासारखी चालत होती. आत्या म्हणाली, ‘यांना एकदा जानेवारीत महाबळेश्वरला नेलं पाहिजे.’ मग दवरा-टंबलरमधली कॉफी आली. वरून खाली, खालून वर, हातभर धार सोडून फेस आणलेली. चिकोरीचा तो कडवटपणा जिभेच्या मागच्या बाजूला बसतो आणि दुपारपर्यंत उठत नाही.

पण मला लिहायचंय ते सभागृहाबद्दल.

दुपारच्या बैठकी बहुतेक ठिकाणी फुकट असतात. त्या वेळा तरुण गाणाऱ्यांना देतात. संध्याकाळी नावाजलेले, तेव्हा तिकीट. आम्ही दुपारीच जास्त बसलो. व्यासपीठावर तंबोरा नाही हे आत्याच्या पहिल्यांदा लक्षात आलं. सुराला एक इलेक्ट्रॉनिक पेटी लावून ठेवलेली. आम्ही मिरजेची माणसं. आमच्या गल्लीत पंढरपूरकडचे भोपळे वाळत पडलेले असतात, सतारमेकरांच्या दुकानांवरून जाताना जवारी काढल्याचा आवाज येतो, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा अख्ख्या गावाला आपल्याच घरी बारसं झाल्यासारखं वाटलं होतं. आत्यानं त्या पेटीकडे बघून ‘खोकं’ एवढाच शब्द उच्चारला आणि पुढचा अर्धा तास तिचं मन लागलं नाही.

लागलं ते शेजारच्या मामींमुळे. नऊवारी नव्हे, पण तशीच चापून नेसलेली कांजीवरम, नाकात दोन्हीकडे चमक्या, मांडीवर पर्स, आणि पर्सवर उजवा हात. तो हात गाणं सुरू झालं तसा चालायला लागला. थाप, करंगळी, अनामिका, मधलं बोट. थाप, उलटा हात. थाप, उलटा हात. आठ मात्रांचा आदिताल. मी मान वर करून बघितलं तर अख्ख्या सभागृहात तेच. चारशे मांड्यांवर चारशे हात एकाच वेळी उलटे होत होते. आमच्याकडे श्रोता समेवर मान टाकतो आणि ‘क्या बात है’ म्हणतो. म्हणजे आवर्तनभर आम्ही मोकळे, समेला हजर. तुझा श्रोता प्रत्येक मात्रेला हजेरी लावतो. बावीस वर्षांच्या नोकरीत मी इतकी नियमित हजेरी कुठल्याही कचेरीत पाहिलेली नाही!

पंधरा मिनिटांनी मामी माझ्याकडे वळल्या आणि चक्क मराठीत बोलल्या. मराठी होती, पण तिचे हेल तमिळ, आणि शब्द असे की आपण बखरीतल्या माणसाशी बोलतोय. घर मूळचं तंजावरचं, घरी ‘दक्षिणी’ बोलतात. व्यंकोजीराजांनी सोळाशे सत्तरच्या दशकात तंजावर घेतलं, भोसल्यांचं राज्य 1855 पर्यंत टिकलं, हे मी शाळेत पाठ केलं होतं. पण इतिहासाचा तो धडा शेजारच्या खुर्चीवर बसून ‘इकडं सरका, पंखा लागतोय’ म्हणेल, असं वाटलं नव्हतं. त्यांना मी काय म्हणायचं हा प्रश्नही आला नाही. तुझ्याकडेही मामी म्हणजे मामीच.

कच्चेरीचा घाट मामींनीच समजावला. वर्णम, मग कृती, मग मुख्य राग, त्यात मृदंग-घटमचं स्वतंत्र वादन म्हणजे तनी आवर्तनम, मग हलकंफुलकं, शेवटी मंगलम. हा साचा अरियकुडी रामानुज अय्यंगारांनी (1890–1967) घालून दिला, असं सगळे मानतात. आत्याला तो फारच आखीव वाटला. ‘यांच्याकडे राग खुलायला सवड कुठे देतात? आमच्याकडे नुसत्या विलंबितात तास जातो.’ मामी म्हणाल्या, ‘तास घालवून तुम्ही कुठं पोचता?’ यावर दोघी हसल्या, पण दोघींनीही मत बदललं नाही.

आणि मग तनी सुरू झाली, आणि सभागृह उठलं.

मी आधी समजले, आग वगैरे लागली की काय. नाही. सगळे उपाहारगृहाकडे निघाले होते. तनी लागली की कॉफी प्यायला जायचं, हा तुझ्याकडचा जुना रिवाज. त्यावर तुझेच लोक विनोद करतात आणि विनोद करत करत बाहेर जातात. आत्या सवयीनं उठली. सवाईतला वडा डोळ्यांपुढे आला असणार. मामींनी तिचा पदर धरून खाली बसवलं. ‘वडे संपत नाहीत. हे संपेल.’

त्या बारा-पंधरा मिनिटांत मी जे ऐकलं ते लिहिता येणार नाही, जे पाहिलं ते लिहिते. वादनाआधी त्या पोरसवद्या मृदंगवादकानं डबीतून ओला गोळा काढून डाव्या तोंडावर थापला होता. मामींना विचारलं तर म्हणाल्या, रवा. उपम्याचाच. घुमाऱ्यासाठी. आमच्या पखवाजाला कणीक लावतात, तुझ्या मृदंगाला रवा. म्हणजे तुझ्याकडे वाद्यसुद्धा न खाता वाजत नाही. मग मृदंग आणि घटम यांचं बोलणं सुरू झालं. आधी लांबलचक वाक्यं, मग अर्धी, मग एकेक शब्द, मग दोघांच्या हातातून एकच बोल, आणि त्या एकत्र धावण्याच्या शेवटी गाणारीनं बरोब्बर जिथे ओळ सोडली होती तिथूनच उचलली. मामींचा हात पर्सवर उताणा होता. बाहेर गेलेले लोक तोंड पुसत परत येत होते, आणि त्यांनी काय घालवलं हे त्यांना कळणार नव्हतं.

वडे खरंच संपले नव्हते. केळफुलाचे, कडेला कुरकुरीत, आत किंचित तुरट. दुसऱ्या दिवशी आम्ही पानावर जेवलो. सभेच्या उपाहारगृहातलं पान म्हणजे तुझ्या हंगामाचं अर्धं आकर्षण. नुसतं जेवायला येऊन गाणं न ऐकता जाणारेही पुष्कळ, आणि कुणी त्यांना नावं ठेवत नाही. सांबारभात, रसमभात, दहीभात हा क्रम आमच्या वरणभात ते ताकभात या वाटेला समांतर जातो. मध्ये ‘पिटलै’ आलं. नावावरून आत्या पिठल्याच्या आशेनं सरसावली, तर निघालं चिंच, डाळ, खोबरं घातलेलं कारल्याचं काहीतरी. ते पिठल्याचंच दूरचं नातेवाईक, असं तुझी माणसं सांगतात. सांबार संभाजीराजांच्या नावावरून, हेही मामींनी सांगितलं. त्याला पुरावा विचाराल तर वाटीभर सांबार! पण पश्चिम मांबळममध्ये तव्यावरून उतरलेली ‘बोळी’ तुपात भिजून हातात पडली, तेव्हा पुरावा मागायचा प्रश्नच उरला नाही. ती पुरणपोळीच होती. जेवण झाल्यावर पान आपल्या बाजूला दुमडायचं, हे वाढप्यानं आत्याला खुणेनं दाखवलं. पलीकडे दुमडलं तर घरात दुःखाचं जेवण आहे असा अर्थ.

देणंघेणं पोळीपुरतं राहिलं नाही हेही मामींकडूनच कळलं. तुझ्या हरिकथेत ओवी, साकी, दिंडी, अभंग ही वृत्तं तंजावरला गेलेल्या आमच्या कीर्तनकारांकडून आली आणि तिथेच नांदली. संध्याकाळच्या एका कच्चेरीत शेवटी विठ्ठलाचा अभंग झाला, आणि दोन तास पुतळ्यासारखी बसलेली तमिळ माणसं टाळ्या धरायला लागली. आत्या रडली. नंतर म्हणाली, एसी डोळ्यात गेला.

आता तक्रार.

मिरजेची असल्यामुळे मला वाद्य कोण वाजवतं याच्या आधी ते कोण बनवतं हे विचारायची खोड आहे. मृदंगाचं खोड फणसाचं आणि तोंडांना गाय, म्हैस, बकरी यांचं कातडं. ते कमावणारी, ताणणारी, कानानं सूर लावणारी घराणी बहुतांशी दलित ख्रिस्ती. टी. एम. कृष्णा या तुझ्याच गायकानं 2020 मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं, म्हणून मला हे माहीत. रव्याचा गोळा मी पाहिला, तो लावणारा हात पाहिला, पण ज्यानं ते तोंड मढवलं तो माणूस कुठल्याच पंगतीत दिसला नाही. याच कृष्णांनी 2015 मध्ये डिसेंबरच्या हंगामात गाणं थांबवलं आणि ऊरूर-ओलकॉट कुप्पम या कोळीवाड्यात गाण्याचा उत्सव मांडायला हात दिला. 2024 मध्ये अकादमीचा संगीत कलानिधी पुरस्कार त्यांना जाहीर झाला तेव्हा तुझ्या घरात केवढी आदळआपट झाली, ती आम्ही लांबून वाचली.

उत्तरेकडचं तुझं दुसरं घर मी एका संध्याकाळी एकटीनं पाहिलं. आत्या खोलीवर पाय शेकत होती. बीच स्टेशनाजवळ, बर्मा बाजारासमोरच्या गाड्यांवर ‘अत्तो’ मिळतो. साठच्या दशकात ब्रह्मदेशातून परतावं लागलेल्या तमिळ माणसांनी आणलेला पदार्थ. नारिंगी शेवया, चिरलेला कोबी, तळलेला कांदा, चिंचेचं पाणी, सगळं हातानंच कालवून समोर, आणि बरोबर केळीच्या गाभ्याचं गरम सूप. उकडलेलं अंडं चिरून आत कांदा-मिरची भरलेलं, ते एका घासात तोंडात टाकायचं. शेजारच्या पोराच्या मोबाइलवर गाना वाजत होतं. हिंदीतलं गाना नव्हे. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतलं, मयताच्या रात्री जागवणारं, टपोरी आणि दुखरं. 2018 मध्ये ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ या बँडनं ते मोठ्या मंचावर आणलं, पण त्या मंचापासून मैलापूर काही किलोमीटरवर आणि फार लांब आहे. त्या पोराचं बोटही ताल धरत होतं. मांडीवर नव्हे, गाड्याच्या पत्र्यावर.

हे मी वरच्या पाटावर बसून सुनावत नाही. पंगत हा शब्द आमचा, आणि त्यात कुणाला कुठे बसवलं, कुणाला उष्ट्यापर्यंत थांबवलं, हा इतिहासही आमचाच. आमच्या हलगीवाल्याला आम्ही किती मैफलींत बसवलं? विचारते ते एवढ्याचसाठी, की मला सरकून जागा देणारी तू, तुझ्याच पोराला सरकून जागा द्यायला तुला इतका वेळ का लागतो?

निघायच्या आदल्या दिवशी आत्यानं हट्ट धरला आणि आम्ही चेंगलपट्टूची लोकल पकडून सिंगपेरुमाळ कोविल स्टेशनावर उतरलो. 27 ऑक्टोबर 1937 ला तुझा निरोप घेऊन पाँडिचेरीला निघालेले अब्दुल करीम खाँसाहेब गाडीत अस्वस्थ वाटायला लागल्यानं याच फलाटावर उतरले आणि इथेच गेले. शेवटी दरबारीत ईश्वराचं नाव घेतलं, असं सांगतात. सवाई गंधर्वांचे गुरू; म्हणजे आत्याच्या त्या मांडवाचे आजोबा. त्यांनी त्यागराजांची खरहरप्रियातली कृती ध्वनिमुद्रित केली होती, तीही त्या काळात, जेव्हा आमचे पंडित तुझं गाणं हिशेबाचं म्हणून नाक मुरडत. त्यांना आणलं मिरजेला. मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि दरवर्षी तिथे गाणं होतं. आत्यानं चपला काढून फलाटावर दोन मिनिटं पाय टेकवले. परतीच्या लोकलमध्ये तिनं पर्स मांडीवर घेतली होती आणि तिचा हात चालत होता. थाप, करंगळी, अनामिका. मधल्या बोटाशी चुकत होती, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती.

पुढच्या डिसेंबरचा रजेचा अर्ज मी आल्याआल्याच दिला. या वेळी कारणाच्या रकान्यात खरं ते लिहिलं: ‘कचेरी’. अर्ज परत आलाय. वर लाल शाईत शेरा आहे, कारणाचा खुलासा करावा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

मिरजेची एक श्रोती